गेलताईंनी गाव वाचले, आमची दप्तरे कोण वाचणार?

इतिहास म्हटला की आमच्या कोल्हापूर भागात आधी तलवार निघते. पन्हाळा, विशाळगड, लढाया, सनदा आणि सरदारांच्या वंशावळी. गावाचा इतिहास लिहायला कुणी बसलाच तर तो पाटलाच्या वाड्यातून सुरू होतो आणि ग्रामदैवताच्या देवळात संपतो. तराळाच्या काठीचा, येसकराच्या पाळीचा आणि खळ्यावर पदर पसरून आणलेल्या बैत्याचा इतिहास त्यात कुठे असतो? शोधूनही सापडत नाही! म्हणूनच अमेरिकेतून आलेली एक तरुणी आमच्या गावांच्या इतिहासासाठी आयुष्य घालवते आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावातच अखेरचा श्वास घेते, ही घटना आम्हाला नुसत्या श्रद्धांजलीची वाटत नाही. ती आमच्या विद्यापीठांना आणि आमच्या चळवळीलाही प्रश्न विचारणारी आहे.

डॉ. गेल ऑम्वेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ रोजी मिनियापोलिस येथे झाला. कार्लटन कॉलेजात शिक्षण घेऊन १९६३ साली त्या प्रथम भारतात आल्या. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात संशोधन सुरू केले. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात आणि काळ्यांच्या हक्कांसाठी तिथली तरुण पिढी रस्त्यावर उतरली होती, तो हा काळ. त्या वातावरणातून आलेल्या या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी राजवाडे निवडले नाहीत की काँग्रेसचे पुढारी निवडले नाहीत. तिने निवडली १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ. १९७३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी. १९७६ साली तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे 'वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड' या नावाने मराठीतही आला.

या ग्रंथाने काय केले हे नीट समजून घेतले पाहिजे. तोवर ब्राह्मणेतर चळवळ म्हणजे इंग्रजांच्या कच्छपी लागलेल्या, नोकऱ्या मागणाऱ्या चार शिकलेल्या मराठ्यांची कुरकुर, असे पुण्याचे पंडित सांगत आणि आमची मुले ते परीक्षेत लिहीत. गेलताईंनी पुरावा मांडून दाखवले की, या चळवळीत दोन प्रवाह होते. एक संस्थानिक, वकील, जमीनदार यांचा. त्याला कौन्सिलात जागा हव्या होत्या. दुसरा गावातल्या कष्टकऱ्यांचा. त्याला भट नको होता, सावकार नको होता आणि आपल्या लग्नाचे मंगलाष्टक आपणच म्हणायचे होते. १९१९ ते १९२१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील गावांत कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध जे बंड केले, ते या दुसऱ्या प्रवाहाचे बंड होते. शेतकरी पोटासाठी भांडतो आणि विचार मात्र शहरातला माणूस करतो, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. गाव स्वतः विचार करते, हे त्यांनी सिद्ध केले.

हे सिद्ध कशावरून केले? सरकारी गॅझेटियर त्यांनी पाहिलेच. पण त्यांची खरी भिस्त होती कुणी न जपलेल्या कागदांवर. तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील १९१० पासून 'दीनमित्र' काढत होते. जलशांच्या पदांच्या पुस्तिका होत्या, परिषदांची पत्रके होती, म्हाताऱ्या सत्यशोधकांच्या आठवणी होत्या. गावोगाव फिरून, मराठी शिकून, माणसांच्या ओसरीवर बसून त्यांनी हा ऐवज वाचला. आमच्या इतिहास विभागांना तोपर्यंत तो कागद रद्दीच वाटत होता. इंग्लंडात ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ साली कामगारांचा इतिहास खालून वर लिहून दाखवला, तर जगभर त्याचा गाजावाजा झाला. गेलताईंनी तेच काम पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी केले, तेव्हा येथील प्रस्थापित विद्वानांनी त्यांची किती दखल घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. आयुष्यातला मोठा काळ त्यांनी कायम नोकरीशिवाय, लेखनावर आणि मिळेल त्या प्रकल्पावर काढला. पुणे विद्यापीठातील फुले-आंबेडकर अध्यासन वगैरे मानाच्या जागा मिळाल्या, पण उशिराने.

१९७६ साली त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला. प्रतिसरकारच्या लढ्यातील बाबूजी आणि इंदूताई पाटणकर यांच्या कासेगावच्या घरी सून म्हणून आलेल्या गेलताई त्या गावच्याच झाल्या. १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. आमची हुशार मुले याच काळात उलट्या दिशेने विमान पकडत होती, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. गाव हा त्यांच्या लेखी अभ्यासाचा नमुना राहिला नाही. श्रमिक मुक्ती दल, इंदूताईंची स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळ, दुष्काळी भागातील पाण्याची आंदोलने यांत त्या उतरल्या. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी येरळा नदीच्या वाळूवर गावाचा हक्क सांगितला आणि ती वाळू विकून बळीराजा स्मृती धरण उभारले. पाणी जमिनीच्या एकराप्रमाणे न वाटता कुटुंबाप्रमाणे वाटावे, भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, हे त्या लढ्याचे तत्त्व. ज्या महारवाड्याला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्याच्या दृष्टीने या तत्त्वाचा अर्थ किती खोल आहे! चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बाबासाहेबांनी पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क मागितला. येथे पाण्याच्या मालकीतला वाटा मागितला जात होता.

मात्र गेलताईंशी आमचे भांडणही आहे, ते लपवण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकात त्यांनी शेतकरी संघटनेच्या सुरात सूर मिळवून खुल्या बाजाराचे समर्थन केले. जातीने बांधलेल्या गावाला बाजार मोकळे करील, अशी त्यांना आशा होती. खाजगीकरणाने आमच्या राखीव जागा कशा वितळल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरे असे की, कुणबी-मराठा शेतकरी आणि दलित यांच्या एकजुटीवर त्यांचा जितका विश्वास होता, तितका गावात राहिलेल्या बौद्धाचा नाही. सातारच्या बंडातील कूळ सावकाराविरुद्ध उठले खरे, पण त्याच कुळाच्या बांधावर महारवाड्याने बैते मागितले तेव्हा त्याने काय केले? ज्या बहुजन चळवळीने भटाला गावाबाहेर काढले, तीच १९३० नंतर काँग्रेसमध्ये विरघळली आणि तिच्यातून पाटील-कारखानदारांचे नवे राज्य उभे राहिले. गेलताईंनीही चळवळीचे हे विरघळणे लिहिले आहे. पण त्याचा हिशेब महारवाड्याच्या बाजूने कुणीतरी मांडायला हवा, आणि तो परक्याने का मांडावा?

आयोवात जन्मलेल्या डॉ. एलिनॉर झेलियट यांनी महार समाजाच्या चळवळीवर १९६९ साली प्रबंध लिहिला. त्याही कार्लटन कॉलेजातच शिकवत. मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजशी नाते असलेल्या या दोन स्त्रियांनी आमच्यावर उपकार केले, हे म्हणताना आम्हाला आनंद होतो आणि थोडी शरमही वाटते. आमच्यात कुणीच नव्हते असे नाही. चां. भ. खैरमोडे यांनी कारकुनी सांभाळून बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड लिहिले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर फिरून आंबेडकरी स्त्रियांच्या तोंडून इतिहास उतरवून घेतला. पण तो चळवळीचा इतिहास. गावकुसाबाहेरच्या एकेका वस्तीचा इतिहास अजून व्हायचाच आहे.

आम्ही वकिली करतो म्हणून या गोष्टीचे महत्त्व आम्हाला जरा जास्तच जाणवते. महार वतनाच्या जमिनीचा दावा उभा राहिला की, समोरचा फेरफार दाखवतो, खरेदीखत दाखवतो, आणेवारीचा उतारा दाखवतो. आमच्या अशिलाकडे काय असते? आजोबा सांगायचे, एवढेच! कोर्टात ते सांगोवांगी ठरते. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१८ साली महार वतने खालसा करून जमिनी रयतावा करून दिल्या. ब्रिटिश मुलखातील वतनासाठी बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणावे लागले, आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ साली झाला. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन परत घ्यायची होती. किती कुटुंबांना ते कळले? कुणाचे नाव नोंदले गेले, कुणाचे राहिले, कोणती जमीन कुणी गहाण म्हणून घेतली आणि कायमची पचवली? एकेका गावाचा हा इतिहास म्हणजे एकेका गावाचा खटला आहे.

गावगाड्याचे वर्णन त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली केले, पण ते महसुली अंमलदाराच्या घोड्यावरून. इंग्रज अधिकाऱ्यांनी गावाला छोटे प्रजासत्ताक म्हणून गौरवले, आणि बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्या गौरवाच्या चिंध्या केल्या. गावाला घटनेचे एकक मानायला नकार देणारे ते भाषण समजायचे असेल तर त्यामागचे गाव समजले पाहिजे. कागल जहागिरीतल्या माणगावी मार्च १९२० मध्ये परिषद झाली, हे आमच्या प्रत्येक वक्त्याला पाठ आहे. त्या परिषदेला कोणत्या गावाहून किती जण चालत गेले, घरी परतल्यावर गावाने त्यांना काय शिक्षा दिली, हे किती जण सांगू शकतील? गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज चहा प्यायले, ही हकीकत आम्ही दर जयंतीला ऐकतो. त्या हॉटेलच्या हिशेबाचे एखादे पान कुणी शोधले काय?

कागद अजून आहेत. १९५६ च्या दीक्षेनंतर देव विसर्जित केल्याचे ठराव आहेत, बहिष्काराविरुद्ध मामलेदाराला दिलेले अर्ज आहेत, समता सैनिक दलाच्या हजेरीवह्या आहेत, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वर्गणीच्या पावत्या आहेत. ते पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, मेलेल्या कार्यकर्त्यांच्या घरात पडले आहेत. दर पावसाळ्यात त्यातले काही भिजतात, दर दिवाळीच्या साफसफाईत काही रद्दीत जातात. मोडी वाचणारी माणसेही थोडी उरली आहेत, आणि करवीर संस्थानच्या दप्तरखान्यातील रुमाल बहुतेक मोडीतच आहेत.

गेलताई २५ ऑगस्ट २०२१ रोजी गेल्या. कोल्हापुरापासून कासेगाव तासाभराच्या वाटेवर. त्या दिवशी आमच्यापैकी अनेकांनी त्यांचे फोटो लावले, भाषणे केली. त्यांचे पुस्तक किती विहारांत आहे, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो, कारण विहारांना फरश्या, कमानी आणि ध्वनिक्षेपक यांसाठी वर्गणी सहज जमते. एका लोखंडी कपाटाला किती पैसे लागतात? बीए, एमए झालेली आमची मुले-मुली प्रत्येक वस्तीत आहेत. जिल्ह्यातील प्रत्येक विहार समितीने असे दोघे निवडावेत, त्यांना मोडीच्या वर्गाला पाठवावे आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून विचारायला सुरुवात करावी. वतनाच्या जमिनीचा गट नंबर, बैते बंद केल्याचे साल, गावाने बहिष्कार टाकला ते साल, पहिली शिकलेली मुलगी. एवढे चार रकाने आखलेली वही येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत भरता येईल.