कम्युनिटी कोणाची, झाडू कोणाचा?

एक शब्द अलीकडं फार गुळगुळीत झालाय. कम्युनिटी कॉलेज. २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं या नावाची योजना काढली. आसपासच्या धंद्याला जे कसब लागतं ते शिकवा, सर्टिफिकेट द्या, डिप्लोमा द्या, पोरं कामाला लावा. शब्द अमेरिकेतला. तिथं अशा कॉलेजात दोन वर्षं काढून पुढं मोठ्या विद्यापीठात पदवीला जाता येतं. कागदावर इथंही वाट पुढं जाते. पण आमचा प्रश्न कागदाचा नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ही कम्युनिटी म्हणजे कोण?

कारण आम्ही जिथून येतो तिथं समाज एक नसतो. गाव असतं, आणि गावाबाहेर वस्ती असते. मसणवटासुद्धा दोन असतात. आमच्याच नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचं, खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित पोराचा खून झाला. शिकत होता. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले. हे साक्षीदार कोण होते? कम्युनिटीच होती की!

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकलो. नाव सांगत नाही, कारण एकाच कॉलेजचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात. वस्तीवरून पहाटे निघायचं, एसटी मिळाली तर मिळाली. दुतर्फा ऊस. कुकडीचं पाणी, घोडचं पाणी, आणि त्या पाण्यावर पोसलेला ऊस. तो ऊस ज्यांचा, कॉलेजात खुर्ची त्यांची. आई माझी त्याच उसात खुरपायला जाते.

'कमवा आणि शिका' योजनेत मी नाव घातलं. गरज होती. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. त्यांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली आणि सगळ्यांनी सगळी कामं केली. या योजनेचा जीव ह्या 'सगळ्यांनी'त आहे. तो शब्द काढा, मागं काय उरतं? बलुतं.

आमच्याकडं तेच उरलं होतं. यादी लागली. लायब्ररी, ऑफिस, लॅबोरेटरी ह्या कामांवर एका बाजूची आडनावं. मैदान, व्हरांडा, संडास ह्या कामांवर दुसऱ्या बाजूची. कुणी शिवी दिली नाही, कुणी जात विचारली नाही. यादी टाइप केलेली होती, खाली शिक्का होता. आता जातीला तोंड उघडावं लागत नाही, शिक्का पुरतो.

आम्ही विचारलं, सर, कामं आलटून पालटून का नाहीत? उत्तर आलं, तुम्हाला सवय असते.

सवय! मला झाडूची लाज नाही. आमच्या पिढ्यांनी हे गाव झाडलं म्हणून गाव राहण्यालायक राहिलं. लाज ह्याची, की पोरगं बीए करायला आलं तरी त्याच्या हातात आज्याचंच काम. जात नुसती कामं वाटत नाही, माणसंच कप्प्यात कोंबते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. आम्ही ते परीक्षेसाठी पाठ करत होतो आणि तास सुटला की त्याच कप्प्यात झाडू मारत होतो.

आम्ही सात जणांनी अर्ज लिहिला. दोन दिवसांत तिघांनी सह्या मागं घेतल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचे बाप ज्यांच्या रानात राबतात त्यांचे फोन आले होते. चौघं उरलो. अर्ज पुन्हा दिला, पोच घेतली. पोच मागितल्यावर ऑफिसचा चेहरा बदलतो, हे ध्यानात ठेवा. महिन्याभरानं पाळ्या लागल्या. आणि गंमत बघा, ज्यांच्या पाळीला संडास आला त्या पोरांनी योजनेतून नावंच काढली. त्यांना कमवायची गरज नव्हतीच!

पाळीनं मी लायब्ररीत गेलो. तिथं जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर चाळलं. त्यात श्रीगोंद्याचं दुसरं नाव आहे, चांभारगोंदा. गोविंद नावाच्या एका चांभार भक्तावरून पडलेलं. गावाचं नाव आमच्या माणसावरून! आज ते तोंडावर कुणाच्या आहे? व्हरांडा झाडत राहिलो असतो तर हे मला कळलं नसतं. लायब्ररीची पाळी म्हणजे काय, ते एवढ्यावरून समजा.

म्हणून सांगतो, कौशल्याच्या गोड गप्पा आम्हाला नकोत. कसब आमच्या हाताला कधी कमी नव्हतं. चामडं, लाकूड, दोर, माती, सगळं आमच्या हातांनी केलं. आम्हाला नाकारलं ते पुस्तक. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ काढलं, १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. तिथं आमच्या पोरांना त्यांनी सहा महिन्यांचं सर्टिफिकेट दिलं नाही. आर्ट्स दिलं, सायन्स दिलं, राहायला वसतिगृह दिलं. तिथून लेखक निघाले, प्राध्यापक निघाले, चळवळी निघाल्या. कम्युनिटी कॉलेज म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

आमच्या मागण्या लांबलचक नाहीत. कमवा-शिकाची यादी कामासकट बोर्डावर लावा आणि पाळ्या सक्तीच्या करा. शिष्यवृत्ती येईपर्यंत दलित पोरापोरींकडं फी मागू नका. तालुक्याला मुलींचं वसतिगृह द्या, कारण शेवटची एसटी चुकली की पोरीचं शिक्षण चुकतं. आणि डिप्लोमावाल्याला पदवीची वाट कागदावर नको, वर्गात उघडी हवी.

तुमच्या कॉलेजातली यादी उद्या जाऊन वाचा. आडनावं एका बाजूला लिहा, कामं दुसऱ्या बाजूला. मग अर्ज करा. आणि पोच घ्या.