पिकअपला जॅक कोठे लावावा?

शेतमाल बाजारात नेण्याचे बैलगाडीचे काम आता बहुतांशी पिकअप गाडीने उचलले आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगाव येथील बाजार-आवारात हंगामात गेले म्हणजे या गाड्यांची रांग दृष्टीस पडते. गाडी आली, तिचे कर्ज आले, चालविण्याचा परवानाही आला. परंतु चाक पंक्चर झाले असता ही गाडी कोठे टेका देऊन उचलावयाची, हे ज्ञान मात्र तिच्याबरोबर घरात आले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय मिस्त्रीचा म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. चाक मिस्त्रीच्या दारात बसत नाही. ते रात्रीच्या वेळी, हौदा मालाने भरलेला असताना, शिवाराच्या कच्च्या रस्त्यावर बसते.

बैलगाडीस वंगण घालताना आपले वाडवडील टेका आसाखाली देत, साटीच्या फळ्यांखाली नव्हे. पिकअपची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. खाली पोलादी लांब तुळयांची चासी असते, आणि तिच्यावर केबिन व हौदा बोल्टांनी बसविलेले असतात. चासीचा भार पाट्यांवर, पाट्यांचा एक्सलवर व एक्सलचा चाकांवर जातो. भार ज्या वाटेने खाली उतरतो त्याच वाटेवर जॅक लावावयाचा असतो. केबिनची पायरी, हौद्याची कड, बंपर हे भाग त्या वाटेवर नाहीत. बहुतेक कारगाड्यांना मात्र निराळी चासी नसते, म्हणून त्यांच्या पत्र्याच्या कडेलाच जॅकसाठी मजबूत जागा ठेवलेल्या असतात. कारवर शिकलेला मनुष्य पिकअपलाही तेथेच जॅक लावतो. पत्रा चेपतो आणि जॅक निसटतो.

मागील चाकासाठी सामान्यतः योग्य जागा म्हणजे एक्सलची नळी, बसलेल्या चाकाच्या बाजूस, पाटे जेथे एक्सलवर टेकतात त्याच्या लगत. तेथे जॅक लावला की थोड्या उचलीत चाक जमीन सोडते. चासीस जॅक लावला तर आधी पाटे मोकळे होत जातात, गाडी उंच होते, चाक मात्र जमिनीवरच राहते. आणि जॅक जितका उंच काढावा तितका तो डळमळीत होतो. एक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलच्या गोल गोळ्याखाली रस्त्यावर जॅक लावू नये. जॅकचे डोके गोलाईवरून घसरते, व दोन्ही चाके एका टेक्यावर तोलली गेल्याने गाडी बाजूस कलते. नळीवरून जाणारी ब्रेकची बारीक पाइप डोक्याखाली चेपत नाही ना, हेही हात लावून पाहावे.

पुढील बाजूस सर्व गाड्या सारख्या नसतात. काहींना मागच्याप्रमाणेच अखंड एक्सल व पाटे असतात. काहींचे प्रत्येक चाक स्वतंत्र टांगलेले असते, आणि तेथे जागा बनावटीप्रमाणे बदलते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत या जागा चित्र काढून दाखविलेल्या असतात. मागील बाजूसही पुस्तिकेत निराळी जागा सांगितली असेल तर तीच प्रमाण मानावी. ही पुस्तिका बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते; तिची दसऱ्याला पूजा होते, वाचन होत नाही. इंजिनाच्या तेलाचे चेंबर, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचे दांडे व डिझेलची टाकी यांखाली जॅक कधीही लावू नये.

आमची सूचना अशी की, एखाद्या मोकळ्या दिवशी, गाडी रिकामी असताना, घरच्या कठीण अंगणात पुस्तिका हातात घेऊन या चारही जागा शोधाव्यात, चिखल खरवडून धुवाव्यात आणि पांढऱ्या ऑइलपेंटने हातभर दुरून दिसेल अशी खूण करावी. घरातील जो जो गाडी चालवितो, त्याने एकदा तरी त्या खुणेवर स्वतः जॅक लावून पाहावा. बियाण्याची उगवणक्षमता तपासण्याचे प्रात्यक्षिक आपण गटात दाखवितो. तसेच हेही दाखविता येईल. त्यास अनुदान लागत नाही.

जागा बरोबर असली तरी जमीन दगा देते, आणि आपल्या काळ्या जमिनीत तर हे विशेष घडते. पूर्ण भरलेल्या गाडीच्या मागील एका चाकावर टनभर किंवा अधिक भार येतो. जॅकची बैठक १० सें. मी. लांब-रुंद धरली तर दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब पडतो. ओल्या जमिनीत जॅक एका बाजूने रुतून तिरका होतो तो यामुळेच. त्याखाली ३० सें. मी. लांब-रुंद जाड फळी ठेवली तर तोच दाब नवव्या हिश्श्यावर येतो. बाभळीच्या लाकडाची, न वाकणारी फळी गाडीत कायमची असावी. वीट वापरू नये, ती फुटते. जॅकवर लिहिलेली टनांची क्षमताही पाहावी, आणि क्रेट उतरविण्याचा कंटाळा करू नये.

पुष्कळ चालक केवळ गिअर टाकून निश्चिंत होतात. मागील एक चाक अधांतरी झाले की ते मोकळे फिरू शकते, आणि डिफरन्शियलच्या रचनेमुळे गिअर जमिनीवरील दुसऱ्या चाकास धरून ठेवू शकत नाही. उतारावर गाडी जॅकवरून पुढे सरकते. म्हणून हँडब्रेक ओढावाच, शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या मागेपुढे दगड ठोकून बसवावेत. चाकाचे नटही उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत.

पुष्कळ पिकअपची स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते. ती जॅक लावण्यापूर्वीच काढून घ्यावी; गाडी उचललेली असताना तिच्यासाठी खाली शिरू नये. काढलेली स्टेपनी चासीच्या तुळईखाली आडवी सरकवून ठेवावी, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. पंक्चर झालेले चाक निघाले की ते तिच्या जागी ठेवावे व मग स्टेपनी बसवावी.