पहिलं वर्ष सरकारचं, पुढची कुणाची?

किडनी बसवायला किती लागले, हे सगळे विचारतात. नंतरच्या गोळ्यांना किती लागतात, हे फार कुणी विचारत नाही. कर्नाटकच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला किडनी प्रत्यारोपणासाठी 3 लाख रुपये धरले आहेत. त्यातले 2 लाख शस्त्रक्रियेचे आणि 1 लाख पहिल्या वर्षाच्या औषधांचे. योजना चांगलीच. पण हुबळीत गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहणारा कामगार तेराव्या महिन्यात मेडिकलसमोर खिसा चाचपतो, तेव्हा घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘बरा झालास की आता, अजून गोळ्या कशाला?’

शरीर परकी किडनी कधीच आपली मानत नाही, दहा वर्षांनीही नाही. 1954 साली बोस्टनमध्ये डॉक्टर जोसेफ मरे यांनी केलेलं प्रत्यारोपण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या या गोळ्यांवाचून निभावलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांना गोळ्या जन्मभराच्या. सुरुवातीला धोका जास्त म्हणून डोस मोठा, पुढे तो उतरतो. उतरला म्हणजे आता सुटणार, असा अर्थ लोक काढतात आणि तिथेच घात होतो.

त्यात टॅक्रोलिमस मोठं नाजूक औषध. त्याचा डोस रक्त बघून ठरतो. सकाळची गोळी घेण्याआधी ‘लेव्हल’ काढायची. ती घसरली तर शरीर किडनीवर उठतं. चढली तर हात थरथरतात, साखर वाढते आणि, चमत्कारिक वाटेल, त्याच किडनीला इजा होते. म्हणून ‘कंपनी वेगळी, औषध तेच’ हे काउंटरवरचं वाक्य इथे चालवून घेऊ नये. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि नंतर लेव्हल तपासून. क्षयाचं रिफॅम्पिसिन ही लेव्हल पाडतं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल चढवतं. इकडे चक्कोता म्हणतात ते पपनसही चढवू शकतं. अंगदुखीवर परस्पर डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांना तर हात जोडावेत.

अमेरिकेतही किडनीच्या अनेक रुग्णांना मेडिकेअर या सरकारी विम्याकडून या औषधांचे पैसे 36 महिनेच मिळत. 2023 पासून ती अट गेली. महाराष्ट्राने त्याच वर्षी किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांनाही लागू केली. हुबळी त्या यादीत नाही. तेव्हा इथल्या मराठी माणसाने मुंबईकडे डोळे लावण्यात अर्थ नाही, मागायचं ते बेंगळुरूकडेच.

आणि पुढच्या वर्षांच्या गोळ्यांची ही मागणी खर्चिक आहे, हे मला पटत नाही. गोळ्या तुटून किडनी गेली की तोच कामगार आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणार, आणि गरिबाच्या डायलिसिसचा खर्च सरकारच उचलतं. त्यापेक्षा विद्यानगरच्या सरकारी रुग्णालयातल्या (पूर्वीचं किम्स) औषधांच्या खिडकीवर दर महिन्याच्या गोळ्या द्या, जोडीला लेव्हलची तपासणीही, वर्षांची अट न घालता.