भुईआवळीवरचा अर्धवट विश्वास

काविळीवर भुईआवळीचा रस देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी तिला ‘लॅन्सेट’पर्यंत नेलं. हिपॅटायटिस-बीच्या वाहकांना महिनाभर तिची भुकटी दिल्यावर ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली; प्लासिबो (औषध नसलेली नक्कल) घेतलेल्या २३ जणांत ती एकाचीच गेली. विषाणूचा शोध लावणारे नोबेलविजेते ब्लूमबर्ग यांच्या गटानेही या वनस्पतीची विषाणुरोधक क्रिया प्रयोगशाळेत दाखवली होती. आशा वाटणं रास्तच होतं. पण पुढे थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये रुग्णांवर चाचण्या झाल्या, तेव्हा तसा गुण आला नाही.

पहिली बातमी गावोगाव पोचली, दुसरी पोचलीच नाही. धोका इथेच आहे.

‘अर्काने विषाणू मारला’ अशी बातमी येते, तेव्हा प्रयोगशाळेत बहुतेक वेळा काय घडलेलं असतं? बशीत वाढवलेल्या, अनेकदा माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशींवर अर्क टाकला आणि विषाणूंची संख्या घटली. पण विषाणू वाढतो तो जिवंत पेशीत. अर्काने पेशीच मेल्या, तरी विषाणू घटलेलाच दिसणार. म्हणून किती मात्रेला विषाणू निम्मा होतो आणि किती मात्रेला निम्म्या पेशी मरतात, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावे लागतात. त्यांच्यात भरपूर अंतर नसेल, तर हाती औषध नव्हे, विष आहे. शिवाय सालीपाल्यातली टॅनिनं दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. बशीत ती प्रभावी ठरतात, पण आतड्यातून रक्तात फारशी उतरत नाहीत. जाहिरातीत यातलं काहीच येत नाही.

हे भुईआवळीपुरतंच नाही. करोनाकाळात घरोघर गुळवेलीचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेल नसून तशीच दिसणारी दुसरी असू शकते, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. असेलही. पण मग पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे विकण्याआधी कोणी तपासलं?

तरीही भुईआवळीला यश मिळाल्यासारखं दिसतं, त्याचं एक साधं कारण आहे. हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि श्रेय रसाला जातं. बी मात्र कावीळ न दाखवताही वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहतो. डोळे पांढरे झाले म्हणून रक्त न तपासणारा माणूस थेट सिरॉसिस घेऊन दवाखान्यात येतो. आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बीची तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे त्याला तेव्हा कळतं.