पिंपळावरचा मुंजा आणि लेण्यातला यक्ष



लहान मुलांना बुटक्यांच्या, यक्षांच्या, भुतांच्या सचित्र गोष्टी द्याव्यात की नाही, यावर आपल्या घरांत दोन मते दिसतात. काही पालक म्हणतात, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, असले थोतांड घरात नको. काही म्हणतात, पोरे रमतात, रमू द्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण गोष्ट संपल्यावर मुलाच्या मनात काय उरते, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

मुंजाचेच घ्या. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी मेला की मुंजा होऊन पिंपळावर बसतो, अशी जुनी समजूत. २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा हिंदी सिनेमा आला आणि ते छोटे भूत मोबाइलमधून घराघरांत पोचले. सिनेमा बघून पोरे हसली, किंचाळली, तर त्यात काही बिघडत नाही. पण तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायला मूल भ्यायले, तर त्याला जवळ बसवून बोलले पाहिजे. ज्या घरात कधी कुणाची मुंज लागली नाही, त्या घरात मुंजाची भीती कशाला? शिवाय पिंपळ म्हणजे आपला बोधिवृक्ष. सिद्धार्थ गौतमांना ज्ञानप्राप्ती झाली ती याच झाडाखाली. त्या झाडाचे भय आपल्या लेकरांनी का बाळगावे?

तेव्हा मुलांच्या गोष्टी काढून घेऊ नका. त्यांना आपल्या गोष्टी द्या. बुलढाणा शहर ज्या अजिंठा डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेत अजिंठ्याची लेणी आहेत. मुलांना घेऊन गेलात की १६ नंबरच्या लेण्यात मान वर करून पाहा. छताच्या तुळयांखाली ठेंगणे, ढेरपोटे गण भार पेलून बसलेले दिसतील. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला दगडी यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो बुटका, गोल पोटाचा, डोक्यावर भांडे घेतलेला आणि तोंडभर हसणारा आहे. दोन हजार वर्षांहून जुन्या या मूर्तीच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : कान्हदास सोनार. हे नाव राजाचे नाही, हाताने काम करणाऱ्या कारागिराचे आहे. मुलांना हे आवर्जून सांगा.

यक्षाची गोष्ट हवी असेल तर जातकातली पहिलीच, अपण्णक जातकाची सांगा. दोन व्यापारी पाचपाचशे गाड्या घेऊन वाळवंट पार करायला निघतात. वाटेत एक यक्ष माणसाचे सोंग घेऊन पहिल्याला भेटतो. केस ओले, कपडे ओले, हातात कमळे. म्हणतो, ‘पुढे धो धो पाऊस आहे, पाण्याचे ओझे कशाला वाहता?’ व्यापारी सगळे पाणी ओतून देतो. तहानेने माणसे, बैल गळून पडतात आणि रात्री यक्ष त्यांना खाऊन टाकतात. दुसरा व्यापारी मात्र आपल्या माणसांना विचारतो, ‘पावसाचा वारा कुणाला लागला का? ढग दिसला का? वीज चमकली, गडगडाट ऐकू आला का?’ सगळे नाही म्हणतात. तो पाण्याचा थेंबही सांडू देत नाही आणि सर्वांना सुखरूप पार नेतो.

ही गोष्ट आहे, इतिहास नव्हे, हेही मुलांना सांगावे. यक्ष खरा नसला तरी व्यापाऱ्याचे प्रश्न खरे आहेत. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना केलेला तथागतांचा उपदेश यात मुलांना खेळता खेळता कळतो.

रविवारी वंदना झाली की विहारात पोरांना गोल बसवा. यक्ष बोलून थांबला की तुम्हीही थांबा आणि विचारा, ‘काय रे, पाणी ओतायचे का?’ त्यांना भांडू द्या, उत्तर शोधू द्या. मग जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांच्याकडून यक्ष, गाड्या, बैल काढून घ्या. ती पाने दोऱ्याने शिवली की घरचेच चित्रांचे पुस्तक तयार होते, त्याला पैसा लागत नाही.

यक्षाला प्रश्न विचारायला शिकलेले मूल उद्या अंगारे-धुपारे देणाऱ्या भगतालाही विचारील, आणि सहा महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या एजंटालाही. आपल्या कष्टकरी घरांना त्याची फार गरज आहे.