धन्वंतरी आणि कारभारी

साताऱ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले आणि दरसाल शंभर विद्यार्थी तेथे प्रवेश घेऊ लागले. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ पासून चालत आलेले आहे. कऱ्हाडला कृष्णा आणि सांगलीला भारती विद्यापीठ या संस्थांची महाविद्यालये आहेत. २०२४ साली तर राज्यात एकाच वेळी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. कृष्णाकाठचे हे दोन जिल्हे उद्या डॉक्टरांच्या बाबतीत दरिद्री राहणार नाहीत, याबद्दल समाधान मानावयास हरकत नाही. परंतु या तरुणांपैकी बहुतेकांच्या गळ्यात आज ना उद्या जी जबाबदारी पडणार आहे, तिचे शिक्षण मात्र त्यांस कोणीच देत नाही. ती जबाबदारी म्हणजे कारभाराची.

पाटणच्या डोंगरात किंवा जतच्या दुष्काळी माळावर नेमणूक झालेल्या पंचविशीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे उदाहरण घ्या. सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे शासनाचे प्रमाण आहे. म्हणजे एका लहानशा शहराचे आरोग्य त्या तरुणाच्या स्वाधीन झाले. नाडी पाहणे, औषध लिहिणे, अडलेली बाई सुखरूप मोकळी करणे, हे तो शिकून आलेला असतो. पण रुजू होताच त्याच्यापुढे येतात ते हजेरीपट, औषधांची साठानोंदवही, लशींच्या शीतपेटीचे तापमान, रुग्णकल्याण समितीचा निधी, लेखापरीक्षणाचे आक्षेप, आणि परिचारिकांपासून आशा कार्यकर्त्यांपर्यंतच्या माणसांचे रुसवेफुगवे. यांतले काहीही त्याला शिकविलेले नसते. मग खरा कारभार लिपिकाच्या हाती जातो आणि डॉक्टरसाहेब केवळ सहीचे धनी उरतात. एका केंद्रात औषध संपलेले, तर शेजारच्या केंद्रात तेच मुदत उलटून वाया गेलेले; यंत्र आले, पण ते चालविणारा माणूस नाही, म्हणून ते खोळीतच पडून राहिलेले. हे प्रकार वाचकांस नवीन नाहीत. यांत कोणाचे पाप शोधण्याआधी अज्ञान शोधावे, असे आम्हास वाटते.

हे अज्ञान निरुपद्रवी नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत अकरा रुग्णांचे प्राण गेले. या दोन्ही ठिकाणी वैद्यकशास्त्र हरले नव्हते, व्यवस्था हरली होती. औषधखरेदीची कथाही निराळी नाही. २०१७ साली राज्याने ती हाफकिन महामंडळाकडे सोपविली, तक्रारी थांबेनात, तेव्हा २०२३ साली कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करावे लागले. खरेदी, साठा आणि वाटप हे एक शास्त्र आहे, हे मान्य करावयासच इतकी वर्षे लागली.

खाजगी क्षेत्राकडे वळावे, तर चित्र वेगळे असले तरी दुखणे तेच आहे. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा येथील बहुसंख्य रुग्णालये पंधरा-वीस खाटांची, बहुधा डॉक्टर पति-पत्नी मिळून चालविणारी. त्यांच्यावर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचे व त्याखालील २०२१ च्या सुधारित नियमांचे बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयापासून सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत सामील व्हावे, तर दावे, कागदपत्रे आणि उशिरा येणारे पैसे यांचा मेळ घालावा लागतो. हे सर्व पेलावयाचे कोणी? दिवसभर शस्त्रक्रिया करून थकलेल्या डॉक्टराने, रात्री अकरा वाजता. इमारतीचे कर्ज, यंत्रांचे हप्ते आणि नोकरांचे पगार यांचा हिशेब त्याने आरंभी कागदावर मांडलेला नसतो. शेजाऱ्याने यंत्र आणले म्हणून यानेही आणले, एवढाच काय तो हिशेब. पुढे हप्ता थकतो आणि अनावश्यक तपासण्यांचा व दलालीचा मोह दार ठोठावू लागतो. ही दलाली रोखण्यासाठी २०१७ साली राज्यात कायद्याचा मसुदा तयार झाला होता. कायदा अवश्य व्हावा; पण पैशाच्या पेचात सापडलेल्या माणसाची नीती केवळ कायद्याच्या धाकाने फार काळ टिकत नाही. पेच पडूच नये, ही तजवीज आधी हवी. जमाखर्च हा नीतीचा शत्रू आहे, असा एक भोळा समज आपल्या सुशिक्षितांत रूढ आहे. प्रत्यक्षात नीतिमान डॉक्टरास ताठ मानेने उभे राहावयाचे असेल, तर जमाखर्चच त्याचा पाठीराखा ठरतो.

याचा पुरावा पाहण्यासाठी परदेशी जावयास नको, मिरजेस गेले म्हणजे पुरे. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभारले. त्यांच्या शस्त्रक्रियेतील हातखंड्याची कीर्ती सर्वांनी ऐकली आहे. त्यांच्या कारभाराची तितकीशी कोणी ऐकलेली नाही. रुग्णालयासाठी पैसा मिळविला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या उद्योगपतीकडून. ऐपतदारांकडून ऐपतीप्रमाणे मोबदला घ्यावा आणि त्यातून गरिबांचा भार हलका करावा, ही त्यांची रीत होती. हाताखाली माणसे हवीत म्हणून येथील तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देणारी शाळा मिरजेतच काढली. क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर मोकळ्या हवेचे आरोग्यधाम उभारले. ती वस्ती आज वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. १९२८ साली ते निवृत्त होऊन परतले, तेव्हा रुग्णालय त्यांच्या मागे थांबले नाही, डॉ. व्हेल यांच्यासारखे उत्तराधिकारी तेथे तयार होते. द्रव्य जमविणे, माणसे घडविणे, विस्ताराचा क्रम ठरविणे आणि आपल्यामागे संस्था चालेल अशी सोय करणे, यालाच नेतृत्व म्हणतात. मिरज वैद्यकीय पंढरी झाली ती एकट्या कुशल हातामुळे नव्हे, त्या हातामागच्या व्यवस्थेमुळे. आणि म्हणूनच पुढील काळात याच रुग्णालयावर आर्थिक ओढग्रस्तीचे दिवस आले, ही गोष्ट मिरजकरांच्याच नव्हे, तर सर्वांच्या मनाला लागावी अशी आहे. पुण्याई कितीही मोठी असली, तरी प्रत्येक पिढीला कारभार नव्याने शिकावा लागतो.

वास्तविक कारभाराचे महत्त्व या मुलखाला कोणी बाहेरून येऊन सांगावे, अशी स्थिती नाही. साताऱ्यात जन्मलेल्या नाना फडणविसांचा वाडा मेणवलीस कृष्णेच्या काठी आजही उभा आहे. रणांगणातील तलवारीमागे फडावरची लेखणी नसेल, तर फौज उपाशी मरते, हे मराठी राज्याला पक्के ठाऊक होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत वसविली, वसंतदादा पाटील यांनी सांगलीस सहकारी साखर कारखाना उभा केला. या कारखान्यांत कार्यकारी संचालक असतो, मुख्य रसायनतज्ज्ञ असतो, मुख्य अभियंता असतो, हिशेबनीस असतो. रसायनतज्ज्ञाला साखर उत्तम कळते म्हणून त्याच्याच माथी सगळा कारखाना कोणी मारीत नाही. ऊस गाळावयास जी शिस्त आपण आवश्यक मानतो, ती माणसे बरी करावयास अनावश्यक कशी ठरते? नामांकित शल्यविशारद ज्येष्ठतेने जिल्हा शल्यचिकित्सक होतो, त्याच दिवशी शस्त्रक्रियागृहाला तो पारखा होतो आणि कचेरी मात्र त्याला उमगत नाही. एका बढतीत समाज उत्तम शल्यविशारद गमावतो, आणि उत्तम प्रशासक त्याला लाभेलच असे नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. डॉक्टरांना धंदा शिकविला, तर वैद्यकाचा बाजार होईल, असे म्हटले जाईल. ही भीती निराधार नाही. इंग्लंडने १९८३ साली आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या कारभाराचा विचार करण्यासाठी किराणा व अन्नपदार्थांच्या दुकानांची मोठी साखळी चालविणाऱ्या रॉय ग्रिफिथ्स यांस पाचारण केले आणि रुग्णालयांत व्यावसायिक व्यवस्थापक आणले. शिस्त आली, परंतु पुढे स्टॅफर्ड येथील रुग्णालयात आर्थिक उद्दिष्टांच्या मागे लागलेल्या व्यवस्थापनाने परिचारिका कमी केल्या आणि रुग्णांची दारुण हेळसांड झाली. तिची चौकशी करणाऱ्या फ्रान्सिस आयोगाचा २०१३ चा अहवाल साऱ्या जगाने वाचावा असा आहे. त्याचा बोध आमच्या मते असा की, वैद्यकाचा गंध नसलेला व्यवस्थापक रुग्णालयाचा सर्वाधिकारी झाला, तर तो खाटा मोजील, माणसे मोजणार नाही. म्हणूनच कारभार डॉक्टरांकडून काढून घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. तो त्यांस शिकवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. कारभारी हवा, पण तो धन्वंतरीच्या घरचाच हवा.

ही गोष्ट अशक्य नाही. पुण्याच्या सेनादलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णालय-प्रशासन हा पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्थाही याच विषयाची पदवी देते. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना नीती आणि संवाद यांचे पाठ दिले, हे उत्तमच झाले. आरोग्यनियोजनाचे प्रकरणही त्यांच्या पुस्तकात असते, पण ते परीक्षेपुरते वाचून मिटले जाते. पुढची पायरी आता चढावयास हवी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आंतरवासितेच्या वर्षात काही आठवडे तरी विद्यार्थ्यास औषधभांडार, लेखाशाखा आणि तक्रारनिवारण येथे प्रत्यक्ष बसवावे. कोणत्याही वैद्यकीय अधीक्षकास प्रशासनाचे रीतसर शिक्षण पूर्ण झाल्याशिवाय पदभार देऊ नये. ज्यास शस्त्रक्रियाच करावयाची आहे, त्यास बढतीसाठी खुर्चीवर बसणे भाग पडू नये; दोन मार्ग वेगळे ठेवून दोहोंचा मान समान ठेवावा. खाजगी डॉक्टरांच्या संघटनांनी आपल्या तरुण सभासदांस कर्ज घेण्यापूर्वी ताळेबंद वाचावयास शिकवावे. आणि रुग्णकल्याण समित्यांवर जे नागरिक बसतात, त्यांनी चहापानानंतर सही करून उठू नये, हिशेब मागावा.

यात खर्च फारसा नाही, इच्छा मात्र हवी. साताऱ्याच्या महाविद्यालयाची पहिली तुकडी शिक्षण संपवून सेवेच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. या तरुणांच्या हाती आपण स्टेथोस्कोप दिला. त्याच हातांत उद्या केंद्राच्या किल्ल्या, औषधाचा साठा, सार्वजनिक पैसा आणि पन्नास माणसांची उपजीविका येणार आहे. किल्ल्या द्यावयाच्या आणि कुलपे कोठे आहेत हे सांगावयाचे नाही, हा अन्याय त्यांच्यावर तर आहेच. परंतु त्याचा दंड भरतो तो औषधाविना परत जाणारा जतचा शेतमजूर आणि डोंगर उतरून आलेली पाटणची बाळंतीण. त्यांच्यासाठी तरी शासनाने आणि विद्यापीठाने हा प्रश्न आणखी एका तुकडीपुरता पुढे ढकलू नये.