जुन्नरच्या डोंगरवाटा, अख्ख्या घरासाठी

सहलीला पहाटे उठून डबे भरायचे बायकांनी आणि डोंगर चढायचा पुरुषांनी. अम्मी आणि खाला पायथ्याशी सामान राखत बसणार. ही रीत मोडावी म्हणून कुकडीच्या खोऱ्यातल्या जुन्नरजवळच्या दोन वाटा आम्ही सुचवत आहोत.

पहिली शिवनेरी. शिवरायांचा हा जन्मगड गावाला अगदी लागून आहे. सात दरवाजांची पायरीवाट धरा. साखळीची वाट अवघड, तिकडे मुलांना नेऊ नका. दर दरवाजाशी दम खात गेले तर घाई होत नाही. वर गंगा-जमुना टाक्या आहेत आणि दोन मिनारांना जोडणाऱ्या कमानीची जुनी कमानी मशीदही आहे.

दुसरी नाणेघाट, पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटर. घाटघरच्या बाजूने गाडी माथ्याजवळ जाते. थोडे उतरले की सातवाहनकालीन लेणे, त्यातला ब्राह्मी शिलालेख आणि कोकणात उतरणारी दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट दिसते. वर दगडी रांजणही आहे. तो जकातीचा, असे सांगतात. शेजारचा जीवधन मात्र सराव असलेल्यांसाठीच.

पावसाळ्यात दगड निसरडे होतात, कड्याच्या कडेला जाऊ नका. हा बिबट्यांचा मुलूख आहे. असरची नमाज झाली की उतरायला लागा, मगरिबच्या आत गाडी गाठा.

डबे सर्वांनी मिळून भरावेत, ओझे तरुणांनी घ्यावे आणि चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची ठेवावी. राखणीला गाडीचे कुलूप पुरते.